ई ईडलिंबूचा

महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी वाचायला शिकताना जो चौथा शब्द पाहिला, तो त्यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात पुन्हा कधी वापरला नाही. अ अननसाचा, आ आईचा, इ इमारतीचा आणि ई ईडलिंबूचा. जाड, खडबडीत सालीचं हे मोठं लिंबू लोणच्याला चालतं. पण वाशी, नेरूळ किंवा कोपरखैरण्याच्या बाजारात पाटीवाल्याला ‘ईडलिंबू आहे का?’ असं विचारलं, तर तो आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघेल.

ईडलिंबू अंकलिपीत आलं ते चवीमुळे नव्हे. दीर्घ ईने सुरू होणारे मराठी शब्द मोजके आणि त्यांतले चित्र काढण्याजोगे तर आणखी थोडे. ईर्षेचं चित्र कसं काढणार? ईशान्य दिशेचं? मग उरतं ईडलिंबू. ‘ण’ने आणि ‘ळ’ने मराठीत शब्दच सुरू होत नाही, म्हणून ण बाणाचा आणि ळ बाळाचा. ऐरण लोहाराकडून आली, यज्ञ आणि रथ पुराणांतून आले. शहामृगाला तर कुणी अंगणात चरताना पाहिलेला नाही. शब्द मुलासाठी निवडलेले नव्हते, अक्षरासाठी निवडलेले होते. मुलाने त्यांच्या मापाचं व्हायचं, असा हा व्यवहार.

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, आज जिथे नवी मुंबईचे सेक्टर आहेत, तिथल्या गावांतल्या शाळेत हा व्यवहार जरा जास्तच अवघड होता. बेलापूर, दिवाळे, घणसोली, कोपरखैरणे, करावे ही आगरी आणि कोळ्यांची गावं. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. घरात पानी, डोला, काला असं बोलणाऱ्या मुलासमोर गुरुजी बाणाचं आणि बाळाचं चित्र धरत. चित्र मुलाला कळे, शब्दही कळे. चूक ठरे ती त्याची जीभ. शब्दसंपत्ती वाढवण्याच्या नावाखाली पहिली काही वर्षं आहे ती संपत्ती खोटी ठरवण्यात जात. आणि त्या मुलाची संपत्ती काही थोडीथोडकी नव्हती. भरती-ओहोटी हे जोडशब्द पुस्तकात असतात, पण खाडीकाठच्या मुलाला त्याशिवाय उधाण आणि भांग हेही ठाऊक असे. पुनव-अवसेच्या सुमाराची मोठी भरती ते उधाण आणि अष्टमीच्या आसपासचं सुस्त पाणी ते भांग. खाजण म्हणजे काय, बांधातली उघाडी कधी उघडते आणि कधी मिटते, निवटी चिखलात कुठे सापडते, जिताडा कुठल्या पाण्यात येतो, हे त्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवलेलं नव्हतं. लग्नात धवले म्हणणारी धवलारीण तर या बोलीचं चालतंबोलतं भांडार. परीक्षेत त्यातलं काहीच विचारत नसत.

हा पेच नवी मुंबईत जन्मला नाही. तो मराठी वर्गाइतकाच जुना आहे.

पंतोजींच्या शाळेत शब्द शिकवणं हा वेगळा विषयच नव्हता. ओसरीवर किंवा देवळात मुलं बसत. धुळपाटीवर बारीक धूळ पसरून टोकदार काडीने अक्षर काढायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. ओनामा, मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं आणि मग मोडीतले कित्ते. कित्त्यांत माणसांची आणि गावांची नावं, पत्रांचे मायने, हिशेबाच्या ओळी असत. म्हणजे मुलगा जे शब्द लिहायला शिके, ते थेट कुलकर्ण्याच्या दप्तराच्या आणि वाण्याच्या वहीच्या कामाचे. संध्याकाळी परवचा. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. शिवाय वार, तिथी, महिने, नक्षत्रं आणि साठ संवत्सरांची नावं. प्रभव, विभव, शुक्ल असं म्हणत मुलं झोपायला जात. अर्थ कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे.

ब्राह्मणांच्या मुलांसाठी याच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती, अमरकोश. अमरसिंहाचा हा संस्कृत कोश सुमारे दीड हजार श्लोकांचा, तीन कांडांचा. मुंजीच्या आगेमागे तो पाठ करायला बसवत. त्याची रचना आजच्या शिक्षकालाही ओळखीची वाटेल, कारण शब्द अक्षरक्रमाने नसून विषयवार आहेत. स्वर्गवर्ग, कालवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग. आजच्या बालवाडीत ‘या आठवड्यात फळं, पुढच्या आठवड्यात प्राणी’ असं जे चालतं, त्याचं हे पद्यरूप. मात्र याची चौकट देवापासून सुरू होते आणि मनुष्यवर्गानंतर चार वर्णांच्या पायऱ्या उतरत जाते. शब्दांबरोबर समाजाची उतरंडही पाठ होत होती.

अमरकोश पाठ करणं बंद झालं, पण त्याची सवय गेली नाही. चौथी-पाचवीच्या वहीत ‘समानार्थी शब्द लिहा’ या मथळ्याखाली पाण्याला जल, नीर, उदक, तोय आणि कमळाला पंकज, नीरज, अंबुज लिहिणारं मूल याच परंपरेतलं. ज्याने कधी कमळाचं तळं पाहिलेलं नाही, त्याला कमळाचे पाच शब्द येतात आणि खाडीतल्या चिखलाला शाळेत एकच शब्द असतो. तोही सहसा ‘घाण’ या अर्थाने.

पंतोजींचा वर्ग ऐकण्यावर चाले, छापखान्याने तो डोळ्यांवर आणला. युरोपात हे बरंच आधी घडलं होतं. कोमेनियसने 1658 मध्ये न्यूरेंबर्गला ‘ऑर्बिस पिक्टस’ छापलं आणि वस्तूचं चित्र, लॅटिन नाव आणि जर्मन नाव शेजारीशेजारी ठेवून मुलांना जग दाखवलं. मुंबईत त्या वाटेवरचं पहिलं संघटित पाऊल पडलं 1822 मध्ये, गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात. शाळा काढणं आणि शालेय पुस्तकं छापणं यासाठी नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी निघाली. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे तिचे एतद्देशीय चिटणीस. त्यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तकं 1828 च्या सुमाराची. मराठी मुलासाठी मुद्दाम लिहिलेलं, वाचून समजावं अशा बेताचं गद्य तोवर जवळपास नव्हतंच. बखरी होत्या, पोथ्या होत्या, पण सात-आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने बसून वाचावं असं काही नव्हतं. छत्र्यांना गोष्टीबरोबर भाषाही घडवावी लागली.

पण कोणती मराठी? एकाच वस्तूला पुण्यात एक शब्द, वाईत दुसरा, राजापुरात तिसरा. पुस्तकात घालायचा कुठला? हा प्रश्न सोडवायला ज्यांनी घाम गाळला, त्यांत मोल्सवर्थ हा लष्करातला तरुण अधिकारी आणि त्याच्याबरोबरचे शास्त्री यांची नावं आधी घ्यावी लागतात. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मराठी-मराठी कोश 1829 मध्ये निघाला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये आला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 मध्ये. तिच्यात साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. या कोशाचं मोठेपण असं, की तो पंडितांच्या शब्दांपाशी थांबत नाही. कुणब्याचे, सुताराचे, नाखव्याचे, बायकांच्या चुलीपाशी बोलले जाणारे, एखाद्याच तालुक्यातले असे सगळे शब्द त्याने गोळा केले. आजही एखादा विसरलेला अवजाराचा किंवा माशाचा शब्द शोधायचा तर लोक मोल्सवर्थच काढतात.

शाळेत मात्र यातलं थोडंच पोचलं. कोशकामातला मोल्सवर्थचा सहकारी थॉमस कँडी पुढे सरकारी भाषांतरकार झाला आणि शालेय पुस्तकांच्या मजकुरावर अनेक वर्षं त्याची नजर फिरत राहिली. मराठीत विरामचिन्हं रुजवणारा हा माणूस. शिस्तीचा भोक्ता. त्याच्या हाताखालून जे मराठी बाहेर पडलं ते स्वच्छ, मोजकं, पुण्याच्या शिष्ट वळणाचं होतं. कोशात शेतातले शब्द आणि वाचनपाठात दिवाणखान्यातले, अशी वाटणी एकाच पिढीत, जवळपास एकाच टेबलावर झाली. ती ज्यांना अनुकूल होती, त्यांना ती वाटणी आहे हेच कळलं नाही.

ज्यांना कळलं, त्यांचा पुरावा 1855 मध्येच छापून आला आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. शब्दसंग्रह कसा शिकवावा यावर गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे काही लिहिलं गेलं असेल, त्या सगळ्याच्या आधी हा निबंध ठेवायला हवा. जिच्या घरात पिढ्यान् पिढ्या अक्षर नव्हतं, ती मुलगी काही वर्षांच्या शाळेनंतर वेद, धर्म, पेशवाई आणि भूक यांविषयी सवाल करते. तिला शब्द मिळाले आणि तिने ते लगेच कामाला लावले. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम सुचवला, त्यात मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल, व्याकरण यांच्याबरोबर शेतीची माहिती आणि आरोग्याचे धडे होते. शेतकऱ्याच्या मुलाला शेताचे शब्द छापील पानावर दिसावेत, ही मागणी त्यात न बोलता आहे.

त्यानंतरचा काळ पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत रुक्षच म्हणावा लागेल. घोका, लिहा, ओका. अपवाद आचार्य अत्र्यांचा. पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले होते. त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने क्रमिक पुस्तकाला बोलतं मराठी दिलं. मूल हसलं तर त्याला शब्द लक्षात राहतो, हे अत्र्यांना लंडनला न जाताही ठाऊक असणार, पण पदविकेमुळे ते इतरांना पटवणं सोपं गेलं असावं.

इंग्रजी शब्दांची तऱ्हा निराळी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्यांचं इंग्रजी उभं राहिलं. आधी शब्दांची यादी, मग त्या यादीतलेच शब्द वापरून मराठी वाक्याचं इंग्रजी आणि इंग्रजी वाक्याचं मराठी. हा क्रम आज कितीही जुनाट वाटला तरी त्यात एक शहाणपण होतं. नवा शब्द दिला की त्याच पानावर तो वापरायला लावायचा. पुढे ढाक्याला मायकेल वेस्ट हा शिक्षणाधिकारी बंगाली मुलांना इंग्रजी शिकवताना असाच विचार करत होता. मुलं अडखळतात ती नव्या शब्दांच्या गर्दीमुळे, म्हणून एका पानावर मोजकेच नवे शब्द घालायचे आणि ते पुढे पुन्हा पुन्हा आणायचे, असं त्याने ठरवलं. त्यातून निघालेली त्याची वाचनमाला जगभर गेली आणि 1953 मधली त्याची निवडक इंग्रजी शब्दांची यादी भाषाशिक्षणात आजही नावाजलेली आहे.

शब्द कमी करा, शब्द पुन्हा पुन्हा आणा, हे वेस्टने सांगितलं. शब्द कुणाचे, हा प्रश्न मात्र पालघरकडच्या समुद्रकाठी विचारला गेला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. ताराबाई तोवर नावाजलेल्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं होतं आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता. माँटेसरी पद्धत त्यांच्या हातात मुरलेली. त्या पद्धतीत शब्द शिकवण्याचा एक साधा, सुरेख तीन पायऱ्यांचा पाठ आहे. पहिल्यांदा वस्तू हातात देऊन नाव सांगायचं, ‘हे जाड, हे बारीक.’ मग विचारायचं, ‘जाड कुठलं?’ मूल बोट दाखवतं. शेवटी, ‘हे कसं आहे?’ आता शब्द मुलाच्या तोंडून येतो. समजणं आधी आणि उच्चारणं नंतर. घोकंपट्टीच्या बरोबर उलटा हा क्रम. मूळ कल्पना सेगँ या फ्रेंच डॉक्टरची, मतिमंद मुलांसाठी तयार झालेली.

बोर्डीत अडचण आली ती साहित्याची. माँटेसरीची महागडी लाकडी उपकरणं खेड्यात आणायची कशी? मग शंख-शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या, मातीची मडकी हीच साधनं झाली. खर्च वाचला हा वरवरचा फायदा. खरा फायदा असा, की साधन बदलताच शब्दही बदलले. जे मुलाच्या हातात रोज होतं, तेच वर्गात आलं आणि त्याचं नाव मुलाला आधीच येत होतं. मुलं शाळेत येईनात, तर शाळा वस्तीवरच्या अंगणात गेली. अंगणवाडी ही कल्पना त्यातून आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांबरोबर काम सुरू झालं तेव्हा तीही पुरेना, कारण मोठी मुलं गुरांमागे रानात. मग कुरणशाळा निघाली, गुरं चरतात तिथेच वर्ग. रानातल्या झाडांची, पाखरांची, गवतांची नावं या मुलांना शिक्षकांपेक्षा जास्त येत असणार, हे सांगायला पुरावा नको. अशा ठिकाणी शिकवणाऱ्याला आधी शिकावं लागतं. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’मध्ये या साऱ्या धडपडीविषयी लिहिलं आहे, बालशिक्षणात येणाऱ्याने डी.एड.च्या पुस्तकांआधी ते वाचावं.

दूर न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी मुलांच्या वर्गात वेगळ्या वाटेने तिथेच पोचली होती. रोज सकाळी प्रत्येक मुलाला ती विचारे, ‘आज तुला कुठला शब्द हवा?’ मूल सांगे तो शब्द पुठ्ठ्यावर लिहून त्याच्या हातात. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला तर ठेवायचा, नाही तर टाकून द्यायचा. तो त्याचा शब्दच नव्हता. भीती, भूत, आई, भांडण हे शब्द मुलांना एका नजरेत राहत आणि छापील वाचनमालेतले नेमस्त शब्द आठवडाभर शिकवूनही निसटत. तिचं ‘टीचर’ हे पुस्तक 1963 मध्ये आलं.

फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी हा प्रश्न भाषाशास्त्राच्या बाजूने हातात घेतला. अमेरिकेतून आलेल्या या बाईंनी फलटणच्या बोलीवरच प्रबंध लिहिला. कोण कसं बोलतं, जात आणि शिक्षणाप्रमाणे उच्चार कसे बदलतात, हा त्याचा विषय. नंतर त्या तिथल्याच झाल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि शाळेतून गळालेल्या दलित मुलांना वाचायला शिकवू लागल्या. पुढे प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. मुलाची बोली चूक नसते, ती निराळी असते, हे तिथल्या वर्गातलं पहिलं गृहीत. हे मराठी शाळेला सांगायला एक परदेशी बाई याव्या लागल्या, यावर हसावं की खजील व्हावं?

इकडे सरकारी पातळीवर 27 जानेवारी 1967 ला बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यभरच्या मुलांच्या हातात एकच पुस्तक आलं. स्वस्त, एकसारखं, गावोगाव पोचणारं. त्याचं मोल कमी लेखू नये. पहिलीच्या पुस्तकांनी अक्षरांचा जुना अ-आ-इ-ई क्रम सोडून सोपी वळणं आधी घेण्याची रीत रुजवली. तिच्यातून एक गमतीची दुनिया तयार झाली. कान्या-मात्र्याविना शब्द हवेत, म्हणून मुलांची नावं छगन, मगन, कमल, शरद. आणि ती सारी सतत नमन करणारी, गवत बघणारी, बदक धरणारी. त्या वयाच्या वाचकाला हे चालून जातं. चालत नाही ते पुढच्या इयत्तांत, जेव्हा धड्याखालचे शब्दार्थ वहीत उतरवणं हाच भाषेचा तास होतो. गाइड उघडा, अर्थ उतरवा, ‘वाक्यात उपयोग करा’ला गाइडमधलंच वाक्य. ‘कानाडोळा करणे’ हा वाक्प्रचार पाठ असलेली मुलं वर्गात एकमेकांकडे भरपूर कानाडोळा करतात, पण तो शब्द त्यांच्या बोलण्यात येत नाही.

बालभारती सुरू झाल्यावर तीनच वर्षांनी, 17 मार्च 1970 ला, सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. भूसंपादनाच्या कागदांनी गावकऱ्यांना एक वेगळीच शब्दसंपत्ती शिकवली. प्रकल्पग्रस्त, सातबारा, गावठाण, साडेबारा टक्के. 1984 मध्ये उरण तालुक्यात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्यानंतर, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळणाऱ्या भूखंडाचा ‘साडेबारा टक्के’ हा शब्द इथल्या पोरासोरांच्याही तोंडी बसला. शाळेत मात्र तो कधी आला नाही.

शहर वाढलं तशी वर्गातली बोली मिसळली. तुर्भ्याला 1981 मध्ये कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार आला, मागोमाग बाकीचे बाजार आले आणि त्यांच्याबरोबर माथाडी कामगारांची कुटुंबं, बरीचशी सातारा-सांगलीकडची. त्यांच्या मुलांना भाकरीबरोबर ‘कोरड्यास’ लागतं. शेजारच्या बाकावरच्या आगरी मुलाच्या डोक्यात ‘कालवन’ असतं. पुस्तकात दोन्ही नाहीत, तिथे फक्त ‘भाजी’ आहे. पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींवर आणि बांधकामांवर कर्नाटक, आंध्र, विदर्भ, मराठवाड्यातली मजूर कुटुंबं आली. बांधकामावरच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस ही संस्था मुंबईत 1972 पासून काम करते. इमारत पूर्ण झाली की बालवाडी उठते आणि मुलं नव्या साइटवर नवी भाषा ऐकायला जातात. 1992 मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला, पुढे जिल्हा परिषदेच्या शाळा तिच्याकडे आल्या. आज तिच्या शाळांत मराठीखेरीज हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमंही आहेत. वाशीला दिव्यांग मुलांसाठी पालिकेचं ईटीसी केंद्र आहे; तिथे ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी एकेक शब्द ओठ, हात, चित्र आणि यंत्र यांच्या मदतीने मिळवावा लागतो. ज्यांना शब्द आपोआप मिळतात असं वाटतं, त्यांनी तिथला एक तास बघावा.

गेल्या पंधरा-सतरा वर्षांत शाळेतल्या शब्दांवरून महाराष्ट्रात जितकी भांडणं झाली, तितकी पूर्वी क्वचित झाली असतील. 2009 च्या शासन निर्णयाने वर्णमालेत ॲ आणि ऑ यांना जागा दिली. या दोन स्वरांसाठी अस्सल मराठी शब्द शोधणं ईडलिंबूपेक्षा कठीण, तेव्हा बॅट-बॉलला पर्याय नव्हता. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी वाचनाची सोय दिली आणि गदारोळ उठला. विधानसभेत टिंगल झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जुने शब्द काढलेले नाहीत. त्र्याहत्तर म्हणताना तीन आधी आणि सात नंतर ऐकू येतात, लिहायचे मात्र उलट, तिथे लहान मूल अडतं. टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा वर्षांच्या मुलाला एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला फरक समजावला होता, कोण जाणे. पावकी, निमकी आणि औटकी मेल्या तेव्हा मात्र कुणी रडलं नव्हतं. 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले आणि अपूर्णांकांचे पाढे वर्गातून हळूहळू उठून गेले. 2024 मध्ये पहिलीच्या पुस्तकातल्या एका कवितेतल्या हिंदी-इंग्रजी शब्दांवरून पुन्हा वादळ झालं. 2025 मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय आला आणि 29 जूनला मागेही घेतला गेला. या साऱ्या भांडणांत मराठी, हिंदी, इंग्रजी अशी मोठी नावं असतात. आगरी, वारली, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारं मूल पहिल्या दिवशी वर्गात काय ऐकतं, हा प्रश्न त्यात येत नाही. दरम्यान निपुण भारत अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला साठ शब्द वाचावेत असं लक्ष्य ठरवून दिलं आहे, त्यामुळे काही वर्गांत आता हातात घड्याळही आलं आहे.

2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. वाशी, सीवूड्स, खारघरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मल्याळी, तमिळ, गुजराती, पंजाबी घरांतली मुलं आता मराठी शब्द शिकतात. चित्र, खाली मराठी शब्द, कधी शेजारी इंग्रजी, म्हणजे पुन्हा कोमेनियसचीच मांडणी. त्यांच्याच शेजारी बेलापूर किंवा करावे गावातलं आगरी मूल बसलेलं असतं. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर इमारत उभी राहिली, त्या पैशातून आई-वडिलांनी त्याला इंग्रजी शाळेत घातलं. बाहेरून आलेल्या मुलांसाठी बेतलेल्या सोप्या पुस्तकातून तेही मराठी शिकतं. बाईंनी खेकड्याचं चित्र दाखवलं की सगळ्यांच्या आधी त्याचा हात वर जातो आणि ते म्हणतं, ‘चिंबोरी!’ काही वर्गांत बाई ‘खेकडा म्हण’ असं सांगून पुढचं चित्र काढतात. काही वर्गांत त्या विचारतात, ‘तुमच्याकडे कशी पकडतात रे?’ आणि मग तास संपेपर्यंत पुढचं चित्र निघत नाही.